सही करण्याआधी: बाळंतपणाची पगारी रजा, सीमाभागातल्या नोकरदार बायकांसाठी

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीतली एक मुलगी कापडाच्या दुकानात बिलिंगला होती. पाच वर्षं. सातवा महिना लागला तसं मालकांनी मायेनंच सांगितलं, "आता घरी आराम कर, बाळ थोडं मोठं झालं की ये परत." आणि एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता. तिला वाटलं, रजेचा अर्ज असेल. तो राजीनामा होता.

मला हे कळलं तिच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, तेही तक्रार म्हणून नाही. मालकांनी पाकिटात पाच हजार घातले होते, त्याचं कौतुक सांगता सांगता तिनं हेही सांगितलं. त्या दुकानात चौदा माणसं कामाला होती आणि तिचा पगार होता बारा हजार. म्हणजे कायद्याप्रमाणे तिला सहा महिन्यांचा पगार, सत्तर हजारांच्या वर रक्कम मिळायला हवी होती, आणि नोकरी तशीच राहायला हवी होती. पाच हजारांत दोन्ही गेलं.

असा कागद पुन्हा कुणासमोर आला तर तिला काय माहीत असायला हवं, त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

गेल्या काही महिन्यांत गोंधळ आणखी वाढला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं नोकरदार बायकांना महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा देण्याचं धोरण मंजूर केलं. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. संहिता म्हणजे अनेक जुने कायदे एकत्र बांधून केलेला एक कायदा. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेचा एक भाग झाला आहे. त्यामुळे "जुना कायदा रद्द झाला, आता बाळंतपणाची रजा नाही" असं सांगणारे भेटतात. ते चूक आहे. कायद्याचं नाव बदललं, रजा आहे तिथेच आहे.

सव्वा महिना आणि सव्वीस आठवडे

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत. शेक, शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. त्यातल्या काही गोष्टी सोडाव्यात अशा आहेत, पण बाईचं अंग भरून यायला वेळ लागतो ही समज त्यात होतीच. कायदाही हेच म्हणतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवायलाच मनाई आहे. तिची स्वतःची तयारी असली तरीही.

पण रजा त्याहून पुष्कळ मोठी आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. २०१७ पर्यंत ही रजा १२ आठवड्यांची होती. त्या वर्षी १ एप्रिलपासून ती वाढली. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. आधी कमी घेतले तर उरलेले नंतर मिळतात, एकही दिवस वाया जात नाही. ही रजा वर्षाच्या हक्काच्या किंवा आजारपणाच्या रजेतून वळती करायची नसते. ती वेगळी असते.

पैसे किती मिळतात? रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत जितके दिवस काम केलं, त्यांचा सरासरी रोज काढायचा आणि रजेच्या दिवसांनी गुणायचं. समजा मच्छेच्या एखाद्या कारखान्यात एक बाई रोजावर आहे. तीन महिन्यांत ७५ दिवस भरले आणि ३७,५०० रुपये मिळाले. सरासरी रोज ५०० रुपये. १८२ दिवसांचे झाले ९१,००० रुपये. "रविवार का धरले? रविवारी तर काम नसतं," असं हिशेबनीस म्हणेल. हाच वाद तमिळनाडूतल्या एका मळ्यातल्या मजूर बाईच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९७७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की आठवडा म्हणजे सातही दिवस, आणि लाभ सातही दिवसांचा. बाळ रविवारी उपाशी राहत नाही, हे त्या निकालामागचं साधं शहाणपण आहे असं मला नेहमी वाटतं.

पैसे सगळे शेवटी मिळतात असंही नाही. गरोदरपणाचा दाखला दिला की बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ द्यायचे असतात. उरलेले, बाळ झाल्याचा दाखला दिल्यावर ४८ तासांत. मालकाकडून तपासणी आणि दवाखान्याची मोफत सोय नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. गर्भ पडला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. आपल्याकडे बायका तिसऱ्या दिवशी "ताप होता" असं सांगून कामावर येतात. मी स्वतः अशा दोघींना ओळखते. त्यांना दाखल्याची लाज वाटली, आणि असा हक्क आहे हे ठाऊकही नव्हतं. दाखला डॉक्टर देतात, तो फक्त कचेरीत जातो. शरीरावर आणि मनावर एवढं मोठं संकट आलेलं असताना सहा आठवडे मागण्यात कसलाही संकोच नको.

दहा माणसं, ऐंशी दिवस

कायदा कुणाला लागू, हे दोन आकड्यांत लक्षात ठेवा.

पहिला आकडा दहा. कायद्याच्या व्याख्येत बसणारा कारखाना असेल तर कायदा लागू आहेच. दुकान, दवाखाना, पतसंस्था, शोरूम अशा ठिकाणी मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तर कायदा लागू. दहा माणसं म्हणजे दहा बायका नव्हेत. नऊ पुरुष आणि एक बाई असली तरी त्या एकीला हक्क आहे.

दुसरा आकडा ऐंशी. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम भरलेलं हवं. "वर्ष पूर्ण झालं नाही, रजा मिळणार नाही" हे वाक्य अनेक ठिकाणी ऐकवलं जातं. ऐंशी दिवस म्हणजे जेमतेम सव्वातीन महिन्यांची हजेरी. पगारी सुट्ट्याही त्यात मोजतात.

रजेच्या आधीच्या दिवसांसाठीही एक सोय आहे, आणि ती फारच थोड्या जणींना माहीत आहे. बाळंतपणाच्या साधारण अडीच महिने आधीपासून बाईनं मागणी केली तर तिला जड काम किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम देता येत नाही, आणि त्यासाठी पगारही कापता येत नाही. खडे बाजारातल्या दुकानांत साड्या दाखवणाऱ्या मुली सकाळी दहा ते रात्री नऊ उभ्या असतात. पाय सुजलेले, आणि बसायला स्टूल नाही. त्या मुलीनं गल्ल्यावर बसायचं काम मागितलं तर ती मेहेरबानी मागत नसते.

कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यावा लागतो, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. ती किती ठिकाणी आहे हे मी इथे सांगायला नको. तुमच्या कामाच्या जागी बघा.

ईएसआय म्हणजे भिशीच

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं, त्यांना हे पैसे मालकाकडून नव्हे तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतात. भिशी जशी चालते तसंच हे आहे. सगळे दर महिन्याला थोडं थोडं टाकतात, आणि जिला गरज पडते ती उचलते. इथे कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. बारा हजार पगाराच्या बाईचे महिन्याला ९० रुपये जातात. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण सरासरी रोजानं पैसे तिच्या बँक खात्यात येतात. अट अशी की आधीच्या सलग दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी.

म्हणून पगाराची चिठ्ठी बघायची सवय लावा. ईएसआय कापलेलं दिसतं का? तुमचा विमा क्रमांक तुमच्याकडे आहे का? भिशीत आपलं नावच नसेल तर हप्ता कुणाच्या नावावर गेला, हे विचारायला नको का? आणि मालकानं ईएसआयमध्ये नाव घातलंच नसेल तर "तुझं ईएसआय नाही, म्हणून रजा नाही" हे उत्तर चालत नाही. मग जबाबदारी त्याची स्वतःची.

"मी कंत्राटी आहे, मला कुठली रजा?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. खासगी शाळांतल्या दहा महिन्यांच्या ऑर्डरवरच्या शिक्षिका विचारतात, दवाखान्यांतल्या नर्स विचारतात, एजन्सीकडून कचेऱ्यांत लागलेल्या डेटा एंट्रीच्या मुली विचारतात. त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं की रजा कायम नोकरीवाल्यांचीच.

सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीच्या, मस्टरवरच्या बायकांच्या बाजूनं निकाल दिला. खडी फोडणारी, रस्त्यावर राबणारी बाई कायम नाही म्हणून तिचं बाळंतपण वेगळं ठरत नाही, असा त्याचा रोख होता. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. तिचा करार रजेच्या मध्येच संपत होता. न्यायालयानं सांगितलं की पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्या असतील तर लाभ कराराच्या शेवटच्या तारखेपलीकडेही मिळतो. म्हणजे मार्चअखेर ऑर्डर संपते आणि फेब्रुवारीत बाळ झालं, तर एक महिन्याचे पैसे देऊन हात झटकता येत नाहीत. नवी ऑर्डर द्यावीच लागेल असं मात्र हा निकाल म्हणत नाही, तो फरक लक्षात ठेवा.

गरोदर आहे म्हणून काढून टाकलं तर? रजेवर असताना काढणं बेकायदेशीर आहे. रजेवर जाण्याआधीच, गरोदरपणात काढलं, तरी तिचा पैशांचा हक्क जात नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही लेखी हुकमानं. त्यावरही ६० दिवसांत दाद मागता येते. पण बाईनं स्वतःच राजीनामा दिला की हे संरक्षण मालकाच्या हातात आयतं सोडून दिल्यासारखं होतं. शहापुरातल्या त्या मुलीचं हेच झालं.

तिसरं मूल असेल तर

"दोनच मुलांपर्यंत रजा" हे अर्धसत्य आहे. आधीची दोन मुलं हयात असतील तर रजा २६ वरून १२ आठवड्यांवर येते, शून्यावर नाही. सरकारी नोकरीचे नियम वेगळे असतात आणि त्यात दोन मुलांची अट असते. तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला याच अटीवर रजा नाकारली होती. पहिल्या लग्नाची दोन मुलं वडिलांकडे होती, दुसऱ्या लग्नानंतर तिला मूल होणार होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला रजा द्यायला लावली आणि प्रसूती रजा हा बाईच्या प्रजनन हक्कांचा भाग आहे असं सांगितलं.

विडी, अंगणवाडी, शेतमजुरी

निपाणी, चिकोडी, बोरगावच्या बायका म्हणतील, आमचा मालक कुठे आहे? घरी बसून विडी वळायची, ठेकेदार पान-तंबाखू देतो, हजारी मोजून नेतो.

यासाठीच १९६६ चा विडी कामगारांचा कायदा होता. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही त्यानं प्रसूती लाभाच्या कक्षेत आणलं होतं. ज्या भागातल्या तंबाखूच्या वखारींतल्या बायकांनी संघटना बांधून आपला रोज वाढवून घेतला, त्याच भागात हे कलम फार थोड्यांना ठाऊक राहिलं, याचं मला वाईट वाटतं. आता तोही कायदा नव्या संहितांत गेला आहे. कुठल्याही कायद्याखाली मागायला गेलात तरी पहिला प्रश्न तोच येणार: तू कुणासाठी काम करतेस याचा पुरावा काय? म्हणून विडी कामगाराचं ओळखपत्र, लॉगबुक, पीएफचा क्रमांक जपून ठेवा. लॉगबुक ठेकेदाराकडे राहतं म्हणे. ते तुमचं आहे, तुमच्याकडे हवं.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना मानधन मिळतं, पगार नव्हे. तरीही १८० दिवसांची मानधनासह रजा आहे. बांधकामावरच्या बायकांनी कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी केली असेल तर बाळंतपणासाठी मंडळाकडून मदत मिळते.

ज्यांना कुठलाच मालक नाही, म्हणजे शेतमजूर, धुणीभांडी करणाऱ्या, घरगुती शिलाईवाल्या, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. अंगणवाडीत नोंद करायची. सहा महिन्यांच्या पगाराच्या मानानं ही रक्कम अगदीच तुटपुंजी आहे, आणि सगळ्यात जास्त राबणाऱ्या बायकांच्या वाट्याला सगळ्यात कमी यावं हे मला पटत नाही. पण ती सोडू नका.

"मग मालक बायकांना कामावर घेणारच नाहीत"

हा आक्षेप नुसता उडवून लावण्यासारखा नाही. उद्यमबागेतल्या बारा माणसांच्या वर्कशॉपचा मालक मला म्हणाला, "ताई, एकीला सहा महिने पगार द्यायचा आणि तिच्या जागी दुसरीला पण द्यायचा. मी मोठी कंपनी न्हवं." त्याची अडचण खरी आहे.

गावजेवण असलं की वर्गणी काढतात. एकाच घरानं सगळ्या गावाला जेवू घालावं असं कुणी म्हणत नाही. आपल्या कायद्यानं मात्र ईएसआयबाहेरच्या नोकऱ्यांत सगळा खर्च एका मालकावर टाकला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या ठरावाचं तत्त्व असं की हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी पैशातून व्हावा. तो ठराव किमान १४ आठवड्यांची रजा मागतो. रजेच्या लांबीत आपण त्याच्या पुष्कळ पुढे आहोत, खर्चाच्या वाटणीत मागे.

हा वाद नवा नाही आणि आपल्याला परकाही नाही. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई प्रांतात होतं, आणि प्रसूती लाभाचा देशातला पहिला कायदा १९२९ मध्ये मुंबईनंच केला. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. त्याच्या तीनच वर्षं आधी ते परिषदेसाठी निपाणीला येऊन गेले होते. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलावा, पण बायकांच्या श्रमातून मालकाचाही फायदा होतो, म्हणून तोही पूर्ण मोकळा सुटत नाही, अशी त्यांची मांडणी होती. जवळजवळ शंभर वर्षं झाली, पहिला भाग अजून अर्धाच राहिला आहे.

त्या वर्कशॉपच्या मालकाला मी इतकंच म्हटलं की तुमचे बहुतेक कामगार एकवीस हजारांच्या आतले आहेत. सगळ्यांचं ईएसआय नीट भरा, मग बाळंतपणाचे पैसे तुमच्या खिशातून जातच नाहीत. त्याला हे माहीत नव्हतं. अनेक मालक कायदा मोडतात तेव्हा त्यांना आपण नेमकं काय मोडतो आहोत हेसुद्धा ठाऊक नसतं.

राहायला निपाणीत, कामाला कागलला

आपल्याकडे सीमा घराच्या उंबऱ्यासारखी रोज ओलांडली जाते. निपाणीची बाई कागलच्या एमआयडीसीत जाते, चंदगडची मुलगी बेळगावच्या दवाखान्यात नर्स असते. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे २६ आठवडे दोन्हीकडे सारखेच. तक्रार करायची वेळ आली तर काम जिथे आहे तिथल्या कामगार खात्याकडे जायचं: कागलला काम असेल तर कोल्हापूर, बेळगावात असेल तर बेळगाव. बाळंतपणाला माहेरी सीमेपलीकडे गेलात म्हणून रजा तुटत नाही. दवाखान्याचे कागद मात्र सोबत ठेवा.

भाषेचं काय? फॉर्म कानडीत, मालकाचं पत्र इंग्रजीत, आणि वाचणारी मराठी. इथेच घोटाळे होतात. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीतही. तरी काम लवकर व्हावं म्हणून सोबत कानडी प्रत जोडा, त्यात कमीपणा नाही. पण न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर त्याच ठिकाणी सही करू नका. "घरी दाखवून आणते" एवढं म्हणा, आणि मोबाईलवर फोटो काढून घ्या.

अर्जात काय लिहायचं

फार काही नाही. नाव, पद, किती तारखेपासून रजा हवी, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, पैसे कुणाला द्यायचे, आणि रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही असं एक वाक्य. सोबत डॉक्टरांचा दाखला. तायी कार्डाची, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या नोंदीच्या कार्डाची, झेरॉक्सही लावा, त्यावर तारखा असतात. आधी अर्ज द्यायचा राहिला तर बाळ झाल्यावर लवकरात लवकर द्या. अर्ज उशिरा दिला एवढ्यावरून हक्क जात नाही. दोन प्रती करा, आणि एकीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

गेल्या महिन्यात गल्लीतली दुसरी एक मुलगी माझ्याकडे आली, वडगावात एका पतसंस्थेत आहे. पाचवा महिना. आम्ही रेघी कागदावर मराठीत अर्ज लिहिला, तिच्या दिरानं शेजारी कानडीत उतरवला. व्यवस्थापकांनी दोनदा वाचला, "कायदा बघावा लागेल" म्हणाले, आणि शिक्का मारून तारीख घातली. ती प्रत तिनं लगेच घरी नेली नाही. आधी आली ती शहापुरातल्या त्या पहिल्या मुलीकडे, तिला दाखवायला. मीही तिथेच होते. तिनं कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "मला दुसरं झालं तर असा मलाही लिहून देशील?"